काउंटरपलीकडचा माणूस

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर माझ्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडली. कर्रर्र असा आवाज, पडद्यावर 'लेन्स एरर', आणि कॅमेरा ठप्प. कॅमेरा आठ महिन्यांचा, वॉरंटी शाबूत. तरी पुण्याला परतल्यावर तो दुरुस्त होऊन हातात पडायला सव्वादोन महिने लागले. त्यात स्क्रू-ड्रायव्हर चालला असेल फार तर दोन तास. उरलेला काळ कागद चालत होते. या कॅमेऱ्यापायी, आणि पूर्वी बिघडलेल्या आणखी एकापायी, जे कळलं ते असं.

१. घरी फक्त बॅटरी बदलून पाहावी. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून एकदा चालू-बंद करायचं, एवढाच घरगुती इलाज. आमच्याकडे शेजारच्या काकांनी टाचणी आणली, मुलाने फुंकर मारली आणि मी लेन्स अंगठ्याने आत ढकलायच्या बेतात होतो. स्क्रू तर उघडूच नयेत. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास धरून बसलेला असू शकतो. शिवाय सेंटरवाल्याला स्क्रूच्या खाचेवरचा ओरखडा आधी दिसतो, बिघाड नंतर.

२. "दुरुस्ती इथेच होते का?" हे दारातच विचारावं. पाटीवर 'अधिकृत' लिहिलेलं असलं तरी पुष्कळ ठिकाणी नुसतं कलेक्शन पॉइंट असतं: एक काउंटर, एक संगणक, मागे खोक्यांची थप्पी. मी ज्याच्या भरवशावर होतो तो कारागीर त्या इमारतीतच काय, त्या शहरातही नव्हता. हे मला तिसऱ्या फेरीत कळलं.

३. कारागीर तुम्हाला कधीच भेटत नाही. त्याला भेटते ती जॉब शीट. काउंटरवरच्या मुलीने माझी पाच मिनिटांची कहाणी मन लावून ऐकली आणि टाइप केलं, 'नॉट वर्किंग'. मी खाली सही ठोकली. तीन आठवड्यांनी कॅमेरा परत आला, सोबत शेरा: 'नो फॉल्ट फाउंड'. प्रवासात खोकं हिंदकळून वाळूचा कण सरकला असणार. तिकडे त्याने बटण दाबलं, लेन्स बाहेर आली, आत गेली. 'चालत नाही' म्हणतात आणि चालतोय की! त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा कर्रर्र.

दुसऱ्या खेपेला मी चिठ्ठी घरूनच लिहून नेली. 'झूम पूर्ण बाहेर नेल्यावर परतताना लेन्स अडकते. दहा वेळा करून पाहिलं तर सहा-सात वेळा. आवाज दातेरी चाक घसरल्यासारखा.' ती शब्दशः जॉब शीटवर चढवून घेतली. इथवर ठीक. पण शहाणपणाच्या भरात शेवटी एक ओळ जोडली होती: 'वाळू गेली असावी.' त्या एका ओळीने वॉरंटी गेली. उत्तर आलं 'फिजिकल डॅमेज', कारण वाळू, पाणी, आपटणं यांतलं काहीच वॉरंटीत बसत नाही. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. उघडल्यावर वाळू त्याला दिसणारच होती. पण डॉक्टरकडे जाऊन आपण दुखतं कुठे ते सांगतो, रोगाचं नाव आपणच सांगून टाकत नाही. लक्षण आपण लिहावं, निदान ज्याचं त्याला करू द्यावं.

आणि हो, जॉब शीटवर सीरियल नंबर, अंगावरचे जुने ओरखडे, सोबत दिलेल्या वस्तू, सगळं नोंदवून घ्यावं. मेमरी कार्ड आणि पट्टा काढून घरी ठेवावा.

४. एस्टिमेट आल्यावर घाबरू नये, वाचावं. साडेचौदा हजारांच्या कॅमेऱ्याला सहा हजार आठशेचं एस्टिमेट आलं. चाकाचा एक दात झिजला तरी सेंटर अख्खं लेन्स युनिट बदलतं. सुटं चाक त्यांच्याकडे येतच नाही. त्यावर मजुरी, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. नको म्हणालात तर तपासणी शुल्क भरून तसाच कॅमेरा घरी. मी फोनवर वाद घालायचं टाळलं आणि एक ईमेल लिहिलं: बिलाची प्रत, दोन्ही जॉब शीटचे क्रमांक, तारखा, आणि पहिले तीन आठवडे कोणामुळे वाया गेले हा साधा प्रश्न. चार दिवसांत मजुरी माफ झाली. फोनवरच्या माझ्या आरडाओरड्याला आजवर कोणी काही माफ केल्याचं आठवत नाही.

५. पक्कं बिल. माझ्या मेहुण्याने मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातून बिनबिलाचा, परदेशातून आलेला कॅमेरा चार हजार वाचवून आणला. भारतातल्या वॉरंटीचं कार्ड नाही, म्हणून सेंटरने वॉरंटीत हात लावला नाही. वाचलेले चार हजार कुठे गेले हे आम्ही घरात काढत नाही.

६. दोष तुमचाच असेल असं नाही. माझा पहिला डिजिटल कॅमेरा २००४ सालचा. दोन वर्षांनी पावसाळ्यात त्याचे फोटो जांभळट, वितळल्यासारखे येऊ लागले. कोकणातली दमट हवा खाल्ली म्हणून मी तो कपाटात टाकला. वर्षभराने कळलं की ऑक्टोबर २००५ मध्येच बऱ्याच कंपन्यांनी जाहीर केलं होतं: एकाच पुरवठादाराकडून आलेल्या सीसीडी सेन्सरमधली आतली जोडणी उष्ण, दमट हवेत सुटते. वॉरंटी संपलेली असली तरी दुरुस्ती मोफत. माझ्या मॉडेलचं नाव यादीत होतं. पैसा न देता सेन्सर बदलून मिळाला, आणि मी वर्षभर उगाच कोकणाला दोष दिला! पुढे २०१४ मध्ये निकॉननेही डी-६०० च्या फोटोंवर ठिपके येतात म्हणून वॉरंटीबाहेरच्या कॅमेऱ्यांचंही शटर मोफत बदलून दिलं. असं कोणी घरी येऊन सांगत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर 'सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरी'त आपलं मॉडेल आपणच शोधायचं.

७. फार ताणलं गेलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही.

८. कॅमेरा घेताना काउंटरवरच चालवून पाहावा. मागे रांग असली तरी. झूम, फ्लॅश, दोन-चार फोटो. मीही चालवला, आणि तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या खेपेला कार्ड आतच राहिलं होतं. गुहागरचे सूर्यास्त जागच्या जागी होते. त्यांच्यापुढे चार नवे फोटो. पहिले दोन भिंतीवरच्या रेघारेघांच्या तक्त्याचे. तिसरा छताच्या पंख्याचा, हललेला. चौथा झूम लावून काढलेला, स्वच्छ, अगदी धारदार: टेबलाचा कोपरा, जॉब शीटांचा जाड गठ्ठा, त्यावर उडू नये म्हणून ठेवलेला स्टीलचा डबा, आणि कडेला अर्धवट आलेला एक हात, मनगटावर लाल दोरा.