सुई टोचण्याआधी

भातलावणीचा दिवस होता. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली पन्नाशीची बाई चार ओळी लावून बांधावर टेकली, ती उठेचना. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं होतं. केसही परत आले होते. "उपचार संपले, मग आता कसला थकवा?" सासूबाईंनी विचारलं. ती गप्प राहिली. डॉक्टरांनाही काही बोलली नाही. "जीव वाचला एवढं पुरे, आता आणखी काय रडायचं, असं वाटायचं," ती आज सांगते.

हा थकवा रात्रभर झोपून जात नाही. उपचारानंतर कित्येक महिने, काहींना वर्षानुवर्षे तो सोडत नाही.

ओळखीतल्या कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं. वाडीचा तालुका मुरबाड; तिथे रेल्वे नाही. दर आठवड्याला एसटीने कल्याण गाठायचं, परतताना अंधार व्हायचा. सुया टोचल्या की दोन दिवस हलकं वाटे. चढावर धाप मात्र वाढत गेली. दोन महिन्यांनी रुग्णालयात रक्त तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन अवघं 7.8 निघालं. "सुयांचा दोष नव्हता. मी आधी डॉक्टरांना विचारलं नाही, हा दोष माझा," ती म्हणते.

मग ॲक्युपंक्चर कुचकामी का? तसं नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगानंतर थकवा असलेल्या 302 रुग्ण होत्या. त्यांपैकी 227 जणींना नेहमीच्या देखभालीसोबत सहा आठवडे, आठवड्यातून एकदा 20 मिनिटं, हातापायांवरच्या ठरलेल्या जागी सुया दिल्या. उरलेल्या 75 जणींना फक्त नेहमीची देखभाल मिळाली. सुया घेतलेल्यांचा थकवा 4 ते 20 गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे 3 गुणांनी जास्त उतरला. चिंता कमी झाली, जगण्याची गोडीही वाढली. मात्र खोट्या सुयांशी तुलना नव्हती. त्यामुळे गुण सुईचा किती आणि निवांत पडून कुणी विचारपूस करण्याचा किती, हे त्यातून कळत नाही. थकव्यावर सर्वांत भक्कम पुरावा आजही नियमित चालण्याफिरण्याचाच आहे.

म्हणून ती आता वाडीतल्या बायकांना सांगते: थकवा आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप, मनाची उदासी, चालू गोळ्या, सगळं तपासून घ्या. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर सुया नकोत. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर सुई टोचू देऊ नका. तो हात सुजायची भीती असते. सुई नवी, बंद पाकिटातली, डोळ्यांदेखत उघडलेली हवी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोच नको. आणि कुणीही सांगितलं तरी हार्मोनची गोळी परस्पर बंद करू नका.

लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून आल्यावर तिने डॉक्टरांना विचारून पुन्हा सहा वेळा सुया घेतल्या. सोबत रोज संध्याकाळी चालणं, आधी विहिरीपर्यंत, मग पाड्याच्या टोकापर्यंत. 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. यंदा त्या दिवशी ती त्यांच्या स्मारकापर्यंत चालत गेली. वाटेत दोनदा बसली, सुनेच्या हातून पाणी प्यायली आणि परतीलाही पायीच आली.