पाठ नववा : चुंबकाचे कडे आणि बचतीचा हिशेब

या पाठात आपण तीन गोष्टी शिकणार आहोत. आरोग्याचा दावा कसा तपासावा, कमाईचा दावा कसा तपासावा, आणि हे दोन्ही दावे एकाच डबीतून आले तर काय करावे.

प्रसंग

समजा, तुम्ही नोएडाच्या एखाद्या सोसायटीत राहता. मंडळाच्या कोजागिरीला ओळखीच्या एक वहिनी भेटतात. त्यांच्या मनगटावर चकचकीत कडे असते. त्या म्हणतात, "काकू, यात चुंबक आहे. रक्त पातळ राहतं, गुडघे दुखत नाहीत, बीपीसुद्धा उतरतं. माझ्या सासूबाईंना पंधरा दिवसांत फरक पडला." किंमत ४,८०० रुपये. तुम्ही जरा घुटमळता, तेव्हा त्या पुढे सांगतात, "अहो, पैशाचं काय घेऊन बसलात? सहा जणांना जोडा, किंमत वसूल. पुढे घरबसल्या कमाई."

वहिनी खोटे बोलत नसतील. त्यांनी स्वतः पैसे भरले आहेत आणि त्यांचा विश्वासही असेल. पण त्यांच्या प्रामाणिकपणाने दावा सिद्ध होत नाही. म्हणून बोलण्याचे दोन भाग करू आणि एकेक तपासू.

पहिला दावा : आरोग्य

"रक्तात लोह असते, चुंबक ते ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारते," असे सांगितले जाते. रक्तात लोह असते हे खरे. पण ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. खिळ्यातील लोखंडासारखे ते चुंबकाकडे धावत नाही. याचा पुरावा प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. एमआरआय यंत्राचा चुंबक साधारणपणे १.५ किंवा ३ टेस्ला ताकदीचा असतो. कड्यातील चुंबकाची ताकद त्याच्या अगदी पृष्ठभागाजवळही याच्या लहानशा हिश्शाइतकी असते आणि काही सेंटीमीटरवर ती नगण्य होते. एवढ्या मोठ्या चुंबकात रुग्ण अर्धा तास झोपतो, तरी त्याचे रक्त एका बाजूला ओढले जात नाही. मग मनगटावरच्या कड्याने काय होणार?

आता चाचण्यांकडे वळू. २००४ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात गुडघा व खुब्याच्या संधिवाताच्या १९४ रुग्णांना चुंबकीय कडी दिली गेली. खऱ्या चुंबकाच्या गटात वेदना थोडी कमी आढळली. पण आपले कडे खरे आहे की नकली, हे अनेकांना लोखंडी वस्तू जवळ नेऊन कळू शकत होते. त्यामुळे फरक चुंबकाचा की विश्वासाचा, हे संशोधकांनाही ठामपणे सांगता आले नाही. २०१३ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी केली. प्रत्येक रुग्णाने खरा चुंबकीय पट्टा, कमजोर चुंबकाचा पट्टा, चुंबकत्व काढलेला पट्टा आणि तांब्याचे कडे, हे चारही पाच-पाच आठवडे वापरले. वेदना, सूज आणि औषधांची गरज यांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही.

मग सासूबाईंना बरे का वाटले? सांधेदुखी आपोआप कमीजास्त होते. दुखणे टोकाला गेले की माणूस उपाय शोधतो, आणि त्यानंतर ते बहुधा उतरतेच. शिवाय पैसे मोजले की फरक पडावा अशी इच्छा असते. ती माणसाची सवय आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र बीपी किंवा मधुमेहाची गोळी बंद करून कड्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी तर छातीजवळ चुंबक नेऊच नये. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे.

दुसरा दावा : कमाई

कागद-पेन्सिल घ्या. एका माणसाने सहा जण जोडायचे, त्या प्रत्येकाने आणखी सहा.

पहिली पायरी : ६
दुसरी : ३६
तिसरी : २१६
चौथी : १,२९६
पाचवी : ७,७७६
सहावी : ४६,६५६
सातवी : २,७९,९३६
आठवी : १६,७९,६१६
नववी : १,००,७७,६९६

नवव्या पायरीला एक कोटीहून अधिक नवी माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण दिल्लीची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६८ लाख होती, तान्ह्या बाळांसकट. म्हणजे दहावी पायरी दिल्लीत उभीच राहू शकत नाही. प्रत्येक पायरीवर आधीच्या सगळ्या पायऱ्यांहून जास्त माणसे असतात. साखळी जिथे तुटते, तिथे याच शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या गटाचे पैसे अडकतात. वरच्यांची कमाई खालच्यांच्या खिशातून येते.

दोन दावे एकत्र आले की

या व्यवहाराची खरी ताकद इथे आहे. तुम्ही आरोग्याबद्दल शंका काढली की तुम्हाला कमाई सांगितली जाते. कमाईबद्दल शंका काढली की "निदान तब्येत तरी सुधारेल ना" असे ऐकवले जाते. दोन्ही दावे लंगडे असतात, पण एकमेकांचा हात धरून उभे राहतात.

जपानमधील जपान लाइफ या कंपनीचे प्रकरण हे याचे मोठे उदाहरण. ही कंपनी चुंबकीय माळा, पट्टे, जाकिटे अशी आरोग्यसाधने लाखो येनना विकत असे. ग्राहकाने वस्तू विकत घ्यायची, कंपनीकडेच ठेवायची, कंपनी ती दुसऱ्यांना भाड्याने देणार आणि ग्राहकाला वर्षाला ६ टक्के मिळणार, अशी योजना होती. पैसे गुंतवणाऱ्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. प्रत्यक्षात करारांच्या मानाने वस्तू फारच थोड्या होत्या. डिसेंबर २०१६ पासून सरकारने कंपनीवर वारंवार व्यवसायबंदी घातली. २०१८ मध्ये ती दिवाळखोर ठरली, आणि २०२२ मध्ये तिच्या माजी अध्यक्षांना आठ वर्षांची शिक्षा झाली. आयुष्यभराची पुंजी मात्र बहुतेकांना परत मिळाली नाही. ६ टक्के हा आकडा ऐकायला अवास्तव वाटत नाही, हे लक्षात घ्या. फसवी योजना नेहमी "दामदुप्पट" म्हणतच येते असे नाही.

आपल्याकडेही २०१३ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने क्यूनेट या साखळी-विक्रीच्या कंपनीशी संबंधित गुन्हा नोंदवला. विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये चुंबकीय चकत्यांचाही उल्लेख होता. कंपनीने आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयांत गेले.

कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो

१९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, संधिवात अशा अनेक रोगांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. ताईत, कवच यांसारख्या चमत्कारी उपायांचाही त्यात समावेश आहे. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिले होते. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही भाग रद्द केला, पण जाहिरातबंदीचा गाभा कायम ठेवला.

माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये वेगळे नियम आले. त्यांनुसार पिरॅमिड योजना चालवता येत नाही आणि सभासद होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. घरी येणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र असले पाहिजे आणि त्याने आधी वेळ ठरवून यायला हवे.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार दाखल करता येते. म्हणजे कडे दिल्लीत घेतले आणि राहता नोएडात, तरी तक्रार गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात चालते. यासाठी पावती मात्र हवी. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नका. कंपनीच्या खात्यावरच भरा आणि जीएसटी क्रमांकासह बिल मागा.

हिशेब करून पाहा

घरात तीन कडी घेतली, तर ४,८०० × ३ = १४,४०० रुपये गेले. हीच रक्कम वार्षिक ६ टक्के चक्रवाढीने पाच वर्षे ठेवली, तर सुमारे १९,२७० रुपये होतात. जपान लाइफनेही ६ टक्केच देऊ केले होते. फरक एवढाच की बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, चुंबकीय माळेला नसते.

दागिना आवडला म्हणून घ्यायचा असेल तर अवश्य घ्या. त्याआधी सदर बाजारात तशाच साध्या कड्याचा भाव विचारून या आणि दागिन्याची किंमत द्या, इलाजाची नव्हे.

लक्षात ठेवा : विकत घेण्यापूर्वी चार प्रश्न

१. हा दावा बिलावर लिहून, सही करून द्याल का?
२. माणसे न जोडता, फक्त वस्तू विकून किती मिळतात?
३. वस्तू परत केली तर पैसे किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात येतील?
४. माझे औषध चालू ठेवायचे की बंद करायचे? ("बंद करा" असे उत्तर आले तर तिथूनच उठा.)

स्वाध्याय

गेल्या वर्षभरात ओळखीच्या व्यक्तीच्या आग्रहाने घरात आलेल्या वस्तूंची यादी करा. प्रत्येकीपुढे किंमत, सांगितलेला फायदा आणि प्रत्यक्ष अनुभव लिहा. बेरीज करा आणि ती रक्कम आपल्या आवर्ती ठेवीच्या वर्षाच्या हप्त्यांशी ताडून पाहा. पुढच्या वेळी वहिनी भेटल्या की भांडू नका. वरची पायऱ्यांची आकडेमोड त्यांच्यासमोर, त्यांच्याच हाताने करून घ्या. त्यांचेही पैसे त्यात अडकलेले आहेत.