मालिकेतली आग आणि नातीची झोप

प्रश्न : रात्री जेवताना आम्ही सगळे मालिका बघतो. परवा सासूने सुनेला कोंडून खोलीला आग लावल्याचा प्रसंग होता. तेव्हापासून सात वर्षांची नात एकटी झोपत नाही. काय करावं? तक्रार करता येते का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, ‘अगं, ते खोटं असतं’ एवढ्याने भागत नाही. गोष्ट खोटी आहे हे या वयात कळतं, पण भीती खरीच वाटते. त्यात मालिकेतलं घर आपल्यासारखं आणि दुष्टही घरातलंच माणूस! नातीला काय दिसलं, ते तिच्याच शब्दांत सांगू द्या. काही दिवस झोपताना सोबत करा. मालिकेचे प्रोमोही टाळा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

तक्रार जरूर करा. केबल टीव्हीच्या नियमांत २०२१ पासून त्रिस्तरीय व्यवस्था आहे. आधी वाहिनीला तारीख, वेळ आणि प्रसंग लिहून कळवा. वाहिनीने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत तिच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं.

तोवर जेवणाच्या वेळी टीव्ही बंद ठेवा आणि गोष्ट तुम्हीच सांगा.