राठ तळव्यांची निगा

आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळ, पैनगंगेच्या अलीकडे आमचं कापूस-तुरीचं काळं रान. घरात सगळ्यांचेच तळवे राठ. त्यांची निगा राखताना शिकले ते असं.

१. घट्टा हा रोग नव्हे. एकाच जागी घर्षण आणि दाब होत राहिला की कातडीचा वरचा थर आतलं मांस वाचवायला जाड होतो. तेव्हा आधी चप्पल बघा. तळ झिजलेला असेल, पट्टा रुतत असेल, तर कितीही घासलं तरी घट्टा परत धरतो.

२. घट्टा पसरट असतो, फारसा दुखत नाही. कुरूप लहान, मधे टणक गाभा, वरून दाबलं की कळ येते. चामखीळ विषाणूमुळे होते. ती बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, आत काळे ठिपके दिसतात.

३. पाय वीसेक मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वजरीने हलकेच घासा, आणि ओल असतानाच तेल किंवा व्हॅसलिन चोळा. नुसतं भिजवून सोडलं तर कातडी आणखी कोरडी पडते. जाड टाचेला युरियाचं मलम चांगलं. ते औषधाच्या दुकानातलंच घ्यावं, शेतातला युरिया लावू नये; आमच्याकडे हे सांगावंच लागतं.

४. कुरपावर बिब्याचा चटका देऊ नका. बिब्याचं तेल कातडी जाळतं, फोड येऊन चिघळतं. ब्लेडही नको.

५. सगळा जाड थर काढायचा नसतो. केस्लापूरच्या नागोबासाठी गोदावरीचं पाणी आणायला गोंडांमधली मेसराम मंडळी अनवाणी चालत जातात. त्या वाटेवर हाच थर पाय राखतो. तुरीच्या धसकटांतही तसंच. दुखतं, फाटतं तेवढंच मऊ करा.

६. मधुमेह असेल तर हे सगळे नियम बदलतात. बाबांचा पाय बधिर झालाय, म्हणून त्यांच्या घट्ट्यांना घरी कुणी हात लावत नाही. अशा पायावर कॉर्न कॅप, म्हणजे कुरपाची औषधी पट्टी, लावू नये. त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही खातं आणि दुखत नसल्याने जखम कळत नाही. पाय भिजत घालू नये. धुवायच्या पाण्याची ऊब घरातल्या दुसऱ्याने कोपराने बघावी. घट्ट्याखाली काळपट, रक्तासारखा डाग दिसला तर आत जखम असू शकते. कुष्ठरोगानेही पाय असेच बधिर होतात. अशा बधिर पायांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला असतात. तळव्याला स्पर्श कळेनासा झाला असेल, तर वेचणी संपायची वाट न बघता आदिलाबादला रिम्स रुग्णालयात दाखवा.