नंबर द्यायचा, पण कोणता?

बहरीनला गेल्यावर आधी सीपीआर कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, होतं, त्या कार्डावर सिम मिळतं आणि त्या सिमच्या नंबरावर बँकेचं खातं चालू होतं. मागोमाग फोनवर पैसे देण्याघेण्याचं बेनिफिटपे ॲप येतं. नवं पोर खुशीत असतं. तोच नंबर ते फेसबुकवर, लिंक्डइनवर, इन्स्टाच्या बायोमध्ये ‘व्हॉट्सॲप करा’ म्हणून टाकून मोकळं होतं. पोरांनो, इथंच थांबा. माझी उमेदीची वर्षं मनामात एका एक्स्चेंजच्या काउंटरवर गेली. गावी पैसे पाठवणाऱ्यांच्या रांगा मी रोज पाहिल्या, आणि फसवले गेलेल्यांचे चेहरेही. म्हणून पहिली गोष्ट ठासून सांगते: ज्या नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, तो नंबर जगाला दाखवायचा नाही. जगाला दाखवायला दुसरा घ्यायचा.

दुसरं प्रीपेड सिम घेणं अवघड नाही. बाटेल्को, झैन, एसटीसी, कुणाचंही घ्या. एका नंबरावर साधं व्हॉट्सॲप, दुसऱ्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, दोन्ही एकाच फोनवर सुखानं चालतात. थोडा खर्च होतो, तो करा. मात्र दोन्ही सिम स्वतःच्या सीपीआरवरचीच हवीत. रूममधल्या मित्राच्या कार्डावरचं सिम वापरायचं नाही. आपल्या कार्डावर दुसऱ्याला सिम काढून द्यायचं तर मुळीच नाही, कितीही गयावया केली तरी. त्या सिमवरून काही भलतंसलतं घडलं, तर पोलिसांना नाव तुमचंच सापडणार आहे.

पूर्वी हा प्रश्न इतका जिवावरचा नव्हता. आयसीक्यूचा आकडा, याहू मेसेंजरचं नाव, एमएसएनचा पत्ता लोक आपल्या प्रोफाइलवर बिनधास्त लिहायचे. 2010 च्या सुमाराला आखातात ब्लॅकबेरीचं वेड होतं, तेव्हा पोरं मेसेंजरचा आठ अक्षरी पिन टाकायची. धोके तेव्हाही होते. आयसीक्यूच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये समोरच्याला तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता काढता यायचा. अनोळखी लोक फाइली पाठवायचे आणि त्यांतून व्हायरस शिरायचे. पण फारच त्रास झाला तर तो आयडी टाकून देऊन नवा घेता येत होता. बँकेचा त्या आयडीशी काही संबंध नव्हता. 2009 मध्ये व्हॉट्सॲप निघालं आणि त्यात माणसाची ओळख म्हणजे त्याचा फोन नंबरच झाला. इकडे बँकांनीही ओटीपीसाठी तोच नंबर धरला. दारावरची पाटी आणि कुलपाची किल्ली एकच होऊन बसली. सगळ्या भानगडीचं मूळ हे आहे.

ते जुने मेसेंजर आता राहिले नाहीत. याहू 2018 मध्ये बंद झाला, बीबीएम 2019 मध्ये, आयसीक्यू 2024 मध्ये आणि स्काइप 5 मे 2025 ला. तुमच्या जुन्या प्रोफाइलांवर मात्र ती नावं अजून लोंबत असतील. ती काढून टाका. स्काइपचं नाव आणि ईमेलचं नाव बहुतेकांचं एकच असतं. एका नावावरून दुसरं खातं हुडकणं चोराला कठीण जात नाही.

‘मावशी, मी नंबर कुठं टाकलाच नाही,’ असं म्हणून निश्चिंत होऊ नका. एप्रिल 2021 मध्ये फेसबुकच्या 53 कोटींहून जास्त वापरकर्त्यांची माहिती, बहुतेकांच्या फोन नंबरांसकट, इंटरनेटवर फुकट पडली होती. ती 106 देशांतली होती. नंबर टाकून माणूस शोधण्याची जी सोय होती, तिच्यातल्याच फटीतून ती उपसली गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की नंबरांमागून नंबर विचारत गेलं तर व्हॉट्सॲपवरची साडेतीनशे कोटी खाती ओळखता येत होती, आणि ज्यांनी फोटो उघडा ठेवला होता त्यांचा फोटोही मिळत होता. बहरीनचे मोबाइल नंबर आठच आकडी आहेत, ते ओळीनं विचारून बघायला यंत्राला कितीसा वेळ लागणार? म्हणून सेटिंगमध्ये जा. व्हॉट्सॲपवर फोटो, ‘अबाउट’ आणि ‘लास्ट सीन’ फक्त ओळखीच्यांना दिसू दे. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तिथंही तेच करा. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय 2023 पासून आहे, ती चालू करा. टेलिग्रामवर नंबर ‘कुणालाही नाही’ असा ठेवा आणि लोकांना युजरनेम द्या. सिग्नलवरही 2024 पासून युजरनेम मिळतं. परक्या माणसाशी बोलायचंच असेल, तर नंबरापेक्षा युजरनेम केव्हाही बरं. नको झालं की बदलता येतं.

भारतातलं सिम हा वेगळाच जीवघेणा विषय आहे. परदेशी नंबरावर यूपीआय वापरण्याची मुभा जानेवारी 2023 मध्ये दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना जाहीर झाली. त्या यादीत ओमान, कतार, सौदी आणि अमिराती होते, बहरीन नव्हता. त्यामुळे आपल्या लोकांना भारतातला नंबर जिवंत ठेवावाच लागला. पण रिचार्ज विसरतो, नंबर बंद पडतो आणि ठरावीक मुदतीनंतर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. तुमच्या प्रोफाइलवर तो तुमचाच म्हणून झळकत राहतो, आणि बँकेत नोंदवलेला असेल तर ओटीपी त्या परक्याच्या हातात पडतो. तेव्हा वर्षाचा रिचार्ज एकदमच करून टाका. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, मग आधार, मग व्हॉट्सॲपचं ‘चेंज नंबर’, आणि सगळ्यांत शेवटी सिम. बहरीन कायमचं सोडतानाही हाच क्रम पाळा. सामान विकायच्या जाहिरातीत टाकलेला नंबरही तेव्हाच पुसून टाका.

आता लग्नाच्या बायोडाट्याकडे वळते, कारण आपल्या मराठी घरांत सर्वांत मोठी गळती इथून होते. पोरगा बहरीनला असला की आई कौतुकानं बायोडाटा बारा ग्रुपांत टाकते. त्यात काय नसतं? जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचं नाव, घरचा पत्ता, कंपनीचं नाव, पगार, व्हॉट्सॲप नंबर. आणि खाली मामाकुळ! काही बँका फोनवर ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात. ते उत्तर आपण स्वतः छापून वाटत असतो. ग्रुपात फिरायच्या बायोडाट्यात शिक्षण, गाव, वय आणि फोटो एवढं पुरे. संपर्काला घरातल्या एका वडीलधाऱ्याचा नंबर द्या, तोही बँकेला न जोडलेला. पत्रिका, पगार, मामाकुळ हे सगळं पुढची बोलणी सुरू झाली की त्या एका घराला द्यावं. आणि समोरून आलेलं ‘आखातातलं स्थळ’ सुरुवातीपासूनच लग्नाच्या साइटवर नको, व्हॉट्सॲपवरच बोलू म्हणू लागलं, व्हिडिओ कॉल टाळू लागलं आणि कस्टममध्ये अडकलेल्या भेटवस्तूसाठी पैसे मागू लागलं, तर मुलीच्या घरच्यांनी तिथल्या तिथे बोलणं तोडावं. असल्या भेटीचे पैसे भरायला निघालेली माणसं मी काउंटरवर हात धरून थांबवली आहेत.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, गणपती जवळ आला की तुम्ही ग्रुपची लिंक फेसबुकच्या पानावर उघड्यावर टाकता. 2020 मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपांच्या अशा लिंका गुगलच्या शोधात सापडू लागल्या होत्या. त्याच वर्षी थेट चॅट उघडणाऱ्या दुव्यांमधले लोकांचे नंबरही तसेच सापडले. साध्या ग्रुपात शिरलेल्या माणसाला सगळ्या सभासदांचे नंबर दिसतात. जाहीर सूचनांसाठी व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा, त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सभासदांच्या याद्याही इकडून तिकडे पाठवू नका. बहरीनमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 1 ऑगस्ट 2019 पासून लागू आहे.

मनामाच्या गुदैबियात डबे करणाऱ्या, कथकचे नाही तर गणिताचे क्लास घेणाऱ्या माझ्या लेकीसुनांनो, तुम्हाला नंबर द्यावाच लागतो, हे मला कळतं. धंद्याचा नंबर वेगळाच हवा. त्यावर स्वतःचा फोटो लावू नका, डब्याचा लावा. रात्री अमुक वाजल्यानंतर उत्तर नाही, असा ठरावीक संदेश आपोआप जाऊ दे. कुणी घाणेरडं काही पाठवलं तर चिडून शिव्या लिहू नका, कारण तिथल्या कायद्यात तुमच्याही शब्दांची जबाबदारी तुमच्यावर येते. स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक करा, तक्रार करा. लाज वाटायची ती त्याला, तुम्हाला नाही.

येणाऱ्या संदेशांबद्दल सांगायचं तर, व्हॉट्सॲपवर वकिलातीचं चिन्ह, कामगार परवाने देणाऱ्या एलएमआरएचं बोधचिन्ह, बँकेचा लोगो कुणीही फोटो म्हणून लावू शकतो. सीपीआर बंद पडणार, आकडा सांगा, असं कुणी म्हणालं की फोन ठेवा आणि बँकेच्या कार्डामागच्या नंबरावर स्वतः फोन करा. सहा आकडी कोड सख्ख्या भावानं मागितला तरी द्यायचा नाही, कारण भावाचंच खातं पळवून चोर बोलत असू शकतो. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून आपला नसलेला संगणक दिसतोय का ते अधूनमधून बघा.

लिंकवर बोट ठेवण्यापूर्वी बहरीनचंच एक उदाहरण आठवा. 2013 मध्ये बहरीन वॉच या गटानं अहवाल काढला. सरकारवर टीका करणाऱ्या निनावी खात्यांना खोट्या प्रोफाइलांवरून लिंका येत होत्या आणि नुसतं दाबल्याबरोबर त्या माणसाचा आयपी पत्ता पाठवणाऱ्याला कळत होता. पुढं ऑगस्ट 2021 मध्ये टोरंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटानं सांगितलं की नऊ बहरिनी कार्यकर्त्यांच्या आयफोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं गेलं. त्यांतल्या काहींना तर बोटही लावावं लागलं नाही, आयमेसेजमधून आलेला संदेशच पुरला. ॲपलनं त्या फटीची दुरुस्ती सप्टेंबरमध्ये दिली. तुमच्याआमच्यासारख्यांवर इतकं महागडं हत्यार कुणी चालवत नाही. पण आपल्यापर्यंत पोचायचा धागा एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की काय होऊ शकतं, ते यातून समजतं. फोनचं अपडेट आलं की त्याच रात्री करून टाका.

गावाकडच्या आईवडिलांनाही तयार करून जा. तुमचा फोटो आणि कंपनीचं नाव प्रोफाइलवरून उचलून ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा’ असा फोन त्यांना येऊ शकतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे फोनवरून खोट्या अटकेची भीती घालून पैसे उकळण्याबद्दल, सावध केलं होतं, ते त्यांना समजावून सांगा. घरात एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर कुठंही नाही. पैशाची गोष्ट निघाली की आधी तो प्रश्न.

आणि कुणी म्हणालं, ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेव, बाकीचे पुढं पाठव,’ तर तो माणूस कितीही जवळचा वाटो, नाही म्हणा. चोरीचा पैसा असाच गरिबाच्या खात्यातून फिरतो, आणि खातेदार सापडतो.

एवढं करूनही फटका बसला तर रडत बसू नका, लपवू तर अजिबात नका. बँकेचा चोवीस तासांचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण शुक्रवारी-शनिवारी शाखा बंद असतात आणि पैसे काही मिनिटांत जातात. आधी बँकेला सांगून कार्ड आणि खातं थांबवा, लगेच बहरीनच्या गृहखात्याच्या 992 या हॉटलाइनवर तक्रार करा. भारतातलं खातं असेल तर घरच्यांना 1930 लावायला सांगा. आणि आज रात्री जेवणं आटोपली की आईला फोन करा, तिनं पाठवलेला बायोडाटा ग्रुपांतून काढायला लावा, आणि नवा करून द्या.