पेत्राने ऐकून घेतले



२९ जून रोजी ख्रिस्तसभा संत पेत्र आणि संत पौल यांचा सण एकत्र साजरा करते. याच दिवसांत आपल्या धर्मग्रामाचे नवे पालकीय मंडळ कामाला लागत आहे. ख्रिस्ती नेतृत्वाचा विचार करताना या दोन संतांमध्ये झालेल्या एका वादापासून सुरुवात करावी, असे आम्हांला वाटते.

१. अंत्युखियात काय घडले?

अंत्युखिया या शहरात यहुदी आणि विदेशी असे दोन्ही समाजांतून आलेले ख्रिस्ती लोक होते. पेत्र तेथे विदेशी बांधवांबरोबर एका पंगतीला जेवत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. 'ही माणसे काय म्हणतील?' या भीतीने पेत्र पंगतीतून बाजूला होऊ लागला. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्ती उठले आणि बर्णबासारखा उमद्या मनाचा माणूसही उठला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला त्याची चूक दाखवली (गलती २:११-१४).

पेत्राने शिकवण बदलली नव्हती. कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकणारा तोच होता. त्याने फक्त बसण्याची जागा बदलली. पण पंगतीतून उठून जाण्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या गावात कोणालाही सांगावे लागत नाही. पुढारी काय बोलतो यापेक्षा तो कोणाजवळ बसतो, कोणाच्या घरी जातो आणि कोणाला टाळतो, हे लोक आधी पाहतात.

२. दोन संतांची पत्रे

या प्रसंगाने पुढे अनेकांची अडचण झाली. प्रेषितांचा प्रमुख चुकला असे कसे म्हणावे? चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी असा अर्थ लावला की, हा वाद खरा नव्हता. लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी तसे दाखवले. संत ऑगस्टीन यांना हे पटले नाही. पेत्र खरोखर चुकला आणि पौलाने त्याला खरोखर सुधारले, असे त्यांनी जेरोम यांना कळवले. पुढच्या एका पत्रात ते आणखी खोल गेले. धाकट्याने थोरल्याला धैर्याने सांगावे, हा पौलाचा आदर्श आहे. पण थोरल्याने धाकट्याचे नम्रपणे ऐकावे, हा पेत्राचा आदर्श अधिक दुर्मिळ व अधिक पवित्र आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आमच्या मते ख्रिस्ती नेतृत्वाची खरी कसोटी हीच आहे. चुका सर्वांच्याच हातून होतात. चूक दाखवणाऱ्याला त्या पुढाऱ्यापर्यंत पोहोचता येते का, हा प्रश्न आहे. पेत्राने पौलाला काय उत्तर दिले, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. मात्र पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा आहे (३:१५).

३. आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्ही मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग मिस्सानंतर न घेता मिस्साआधी घेण्याचे ठरवले. कोणाला विचारले नाही. एक वयस्क शिक्षिका संध्याकाळी बंगल्यावर आल्या आणि म्हणाल्या, "फादर, रागावू नका. भाजी घेऊन पहाटेच दादरला जाणाऱ्या आया घरी नसतात. त्या मुलांना तयार कोण करणार?" आम्ही म्हणालो, "बाई, निर्णय झालेला आहे." दोन महिन्यांत वर्ग अर्धा रिकामा झाला. नेमकी गरिबांची मुले गळाली होती. शेवटी आम्ही वेदीवरून सांगितले की, बाईंचे बरोबर होते. वेळ पूर्ववत झाली. पण काही मुले परत आली नाहीत. आम्ही त्या संध्याकाळी ऐकले असते, तर ती गेली नसती.

पेत्राला आपल्या माणसांच्या नाराजीची भीती होती. आम्हांला आमच्या शब्दाचा अभिमान होता. दोन्ही वेळा पंगतीतून उठावे लागले ते दुबळ्यांना.

४. सांगणाऱ्याची जबाबदारी

ऑगस्टीन यांचे पत्र जेरोम यांच्या हाती वेळेवर पडलेच नाही. त्याच्या प्रती आधी इटलीत इतरांच्या हाती फिरल्या. जेरोम दुखावले आणि ऑगस्टीन यांना क्षमा मागावी लागली. मुद्दा बरोबर असूनही वाट चुकली की मन तुटते. आपल्याकडे मिस्सानंतर चर्चच्या आवारात होणारी चर्चा बंगल्याच्या पायरीपर्यंत क्वचितच येते. प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर (मत्तय १८:१५-१७). पौल सर्वांसमक्ष बोलला, कारण चूक सर्वांसमक्ष झाली होती आणि तिचा घाव सर्वांना बसला होता.

मात्र एकांतात सांगणे म्हणजे झाकून ठेवणे नव्हे. लहान मुलांवरील अत्याचार किंवा पैशांचा अपहार अशा गोष्टी बिशपांकडे आणि कायद्याकडे गेल्याच पाहिजेत. अत्याचाराचे प्रकरण कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांना पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली बंधनकारक केले. तसेच १९८३ च्या धर्मकायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. धर्मगुरूवर अविश्वास म्हणून ही तरतूद नाही. एकट्या माणसाची नजर चुकते, हे ख्रिस्तसभेला ठाऊक आहे.

नव्या मंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे की, आमच्या होला हो मिळवू नका. आम्ही चुकलो तर बंगल्यावर या. आम्ही ऐकून घेऊ. जड गेले, तरी ऐकून घेऊ.

चिंतनासाठी प्रश्न

१) माझ्या घरात, समूहात किंवा कामाच्या ठिकाणी माझी चूक मला कोण सांगू शकते?
२) मी शेवटची तक्रार कोणाजवळ केली? संबंधित माणसाजवळ की इतरांजवळ?
३) लोक काय म्हणतील या भीतीने मी कोणाच्या पंगतीतून उठलो आहे का?

प्रार्थना: हे प्रभो, पौलाचे धैर्य आणि पेत्राची नम्रता आम्हां सर्वांना दे. आमेन.

– आपले प्रमुख धर्मगुरू