विकत घेतलेलं पुस्तक खरंच आपलं असतं का?



आज धडा पुस्तकातला नाही, घरातला आहे.

डोळ्यांच्या त्रासामुळे माझ्या आईला बारीक अक्षर वाचवेना. म्हणून ई-रीडर घेतला. त्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आई पुन्हा वाचू लागली. बघता बघता अकरा पुस्तकं विकत घेतली. मग एके दिवशी यंत्र बिघडलं. कंपनीने बदलून दिलं, पण नव्या यंत्रावर अकराच्या अकरा पुस्तकं गायब!

ग्राहक सेवेशी बोलले. दर वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून कहाणी. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, यंत्र बंद करून चालू करा." हेच उत्तर सात जणांनी दिलं. आई म्हणाली, "अगं, कपाटातलं पुस्तक असं कधी नाहीसं झालं नव्हतं."

आईच्या या वाक्यातच आजचा धडा आहे. छापील पुस्तक आपलं असतं. ते कुणाला वाचायला द्या, नाहीतर विका. डिजिटल पुस्तकाच्या बाबतीत मात्र बहुतेक दुकानं आपल्याला फक्त वाचण्याचा परवाना देतात. पुस्तक आपल्या खात्याला बांधलेलं असतं.

याची दोन उदाहरणं मुलांना जरूर सांगा. २००९ साली अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तकं परस्पर काढून टाकली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पुढे कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणं मूळ पुस्तकाशिवाय निरुपयोगी झाली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली.

मग आपण काय करायचं?

१) सगळी खरेदी एकाच खात्यावरून करा. ते खातं कोणत्या ईमेलवर किंवा मोबाईल क्रमांकावर आहे, हे वहीत लिहून ठेवा.

२) पावती, ऑर्डर क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपा.

३) चॅटवर भागलं नाही तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवणं आणि महिन्याभरात तिचं निवारण करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

४) तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते.

आमचं काय झालं? मी ऑर्डर क्रमांक आणि तारखा घालून एक ईमेल लिहिला. नवव्या दिवशी उलगडा झाला. जुनं यंत्र मोबाईल क्रमांकाच्या खात्याला जोडलेलं होतं आणि नवं मी ईमेलच्या खात्याला जोडलं होतं. म्हणजे चूक माझीच! पण सात जणांपैकी एकानेही ऑर्डर क्रमांक विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, मीही रागाच्या भरात तो सांगितला नव्हता.

म्हणून नववी-दहावीच्या वर्गात एक उपक्रम घ्या. मुलांना आधी रागाने तक्रार लिहू द्या. मग तीच तक्रार चार वाक्यांत लिहायला सांगा: काय घेतलं, केव्हा घेतलं, काय बिघडलं, काय हवं आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा. कोणत्या पत्राला उत्तर द्यावंच लागेल, हे मुलं स्वतःच सांगतील.

औपचारिक पत्र गुणांपुरतं नसतं हो. आईची अकरा पुस्तकं अशाच एका पत्राने परत आली.